दुसरीचं तोंड

शरीफाच्या गावात नवऱ्यापासून सुटका हवी असलेली बाई स्वतः काझींकडे जात नसे. तशी पद्धतच नव्हती. बंदरावरून वर चढत गेलं की काझींचं घर लागायचं. तिथे मागच्या पडवीत, काझींच्या बायकोपाशी, दुसरीच कोणीतरी बाई जाऊन बसायची. आधी सुक्या मासळीच्या, कोणाच्या सुनेच्या बाळंतपणाच्या गोष्टी व्हायच्या. मग उठता उठता ती म्हणायची, "अमकीचं त्या घरात आता होत नाही." एवढं म्हटलं की झालं. काझींची बायको ते आत जाऊन सांगायची, काझी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घ्यायचे आणि पुढचं पुढे. जिचा संसार मोडायचा असे ती त्या वेळी आपल्या चुलीपुढे भाकऱ्या भाजत असायची. तिने कोणाला जा म्हणून सांगितलेलं नसायचं. जवळच्या बाईने आपलं आपण ओळखायचं आणि जायचं. याला 'तोंड होणं' म्हणत.

शरीफाचं तोंड तिची फुफी, म्हणजे आत्या, रबिया झाली होती. शरीफाचा पहिला नवरा झहूर जहाजावर होता. वर्षातून एकदा यायचा आणि आला की आईच्या खोलीत झोपायचा. शरीफाने मेहरावरचा हक्क सोडला आणि खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेली सुटका, घेतला. दुपारच्या नमाजानंतर माणसं बसली, असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजाआधी उठली. मुलगी मुनिरा तिच्याजवळ राहिली, पण पुढे शरीफाने यूनुसशी निकाह लावला तेव्हा कायद्याप्रमाणे मुलगी दादीकडे गेली. शरीफाची आई जिवंत असती तर तिच्याकडे गेली असती, पण ती नव्हती. मुनिरा सात वर्षांची झाल्यावर काझींनी तिला समोर उभं करून विचारलं, बाळ, कोणाकडे राहतेस. मुनिरा दादीच्या मागे जाऊन उभी राहिली. शरीफा घरी आली, तांदूळ धुतले, भात टाकला. कायदा काय तो आधीपासून ठाऊक होता. ठाऊक नव्हता असं तिला म्हणता येत नव्हतं.

यूनुस स्वयंपाकी होता. त्याला कुवेतमध्ये काम मिळालं आणि पुढच्या वर्षी त्याने शरीफालाही बोलावून घेतलं. तो मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या कॅम्पात राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. घर म्हणजे फहाहीलमधल्या एका अंगणाभोवतीची एक खोली. बाकीच्या खोल्यांतही रत्नागिरीकडचीच माणसं होती. शरीफा रोज तेल कंपनीच्या बसने अहमदीला, साहेब लोकांच्या वसाहतीत जायची आणि टियरनी साहेबांच्या बंगल्यात स्वयंपाक, धुणं, इस्त्री आणि त्यांच्या ऊनाला सांभाळणं एवढं करायची.

पहिल्या आठवड्यात तिने मॅडमना इंग्रज म्हटलं होतं. मॅडमनी हातातला चमचा खाली ठेवला. "आम्ही इंग्रज नाही, शरीफा. आयर्लंडचे." अंगणातल्या फखरुन्निसाभाभी 'आम्ही बाणकोटच्या' म्हणायच्या त्याच सुरात. शरीफाने पुन्हा ती चूक केली नाही.

मॅडमचं नाव नोरा. मोडकी हिंदुस्तानी आणि त्याहून मोडकं इंग्रजी यांच्यामध्ये कुठेतरी दोघींचं बोलणं चालायचं आणि ते पुरायचं. मॅडम लग्नाआधी डब्लिनच्या एका सरकारी कचेरीत होत्या. लग्न ठरलं तशी नोकरी सोडावी लागली, तिथला नियमच तसा होता. लग्न झालेल्या बाईला खुर्ची नाही. शरीफाला यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मॅडम हे सांगताना अजून रागावतात याचं.

साहेब वाईट माणूस नव्हता. हात उचलत नव्हता, आवाज चढवत नव्हता. पीत होता, पण रस्त्यातले बाकीचे साहेब पीत तेवढंच. शरीफाला 'प्लीज' म्हणायचा. फक्त घरात काय चाललं आहे ते बायकोला सांगितलं पाहिजे असं त्याला कधी वाटत नसे. शुक्रवारी वफ्राकडे फिरायला जायचं का नाही हे त्याने गाडी सुरू केली की कळायचं.

बासष्टच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. शेजारच्या रस्त्यावरची एक आयरिश बाई मायदेशी जाऊन आली होती. तिला चहाला बोलावलं होतं. शरीफा ट्रे घेऊन आत आली तेव्हा ती बाई म्हणत होती, "तुमच्या डब्लिनच्या घराला काय सुंदर पिवळे पडदे लावलेत. भाड्याने कोणाला दिलंत?"

मॅडम म्हणाल्या, "घराला कुलूप आहे."

"अगं नाही. पडदे आहेत. दारात बाबागाडी आहे."

मॅडमनी चहा ओतला. बशीत सांडला तो पुसला. दुसऱ्या कुठल्या तरी विषयावर त्या बोलत राहिल्या, आणि ती बाई गेल्यावर ट्रे स्वतः उचलून स्वयंपाकघरात आल्या. एरवी त्या असं करत नसत.

रात्रीच्या जेवणाला शरीफा थांबत नसे, पण त्या दिवशी साहेब लवकर आला आणि ती ऊनाला भरवत होती.

"डब्लिनचं घर?" मॅडमनी विचारलं.

"मार्चमध्ये विकलं," साहेब म्हणाला. "चांगलं गिऱ्हाईक होतं."

"मला सांगायचं होतं."

"आता सांगतोच आहे." त्याने बटाट्यावर मीठ घातलं. "माझ्या नावावर होतं, नोरा. तुझी सही लागत नव्हती."

तो खोटं बोलत नव्हता. सही खरंच लागत नव्हती. तिथे नवऱ्याच्या नावावरचं राहतं घर नवरा विकू शकत होता; बायकोला विचारा असं कुठल्या कायद्यात नव्हतं. त्या घरात मॅडमनी भिंतींना स्वतः रंग दिला होता, असं त्या पुढे एकदा म्हणाल्या. त्या रात्री ऊनाने दूध संपवलं नाही, तिला कोणी रागावलंही नाही.

मे महिन्यात मॅडम आणि ऊना उन्हाळ्याच्या सुट्टीला मॅडमच्या बहिणीकडे, इंग्लंडला लिव्हरपूलला जाणार होत्या. दरवर्षीच जात. या वर्षी पेटी भरताना शरीफाच्या हातात लोकरीचे कपडे आले. ऊनाचा कोट, पायमोजे, गळपट्टी. बाहेर सावलीतही हात भाजत होता.

"मॅडम, हे चुकून आलं."

"चुकून नाही."

शरीफाने कोटाची घडी घातली. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या.

"मी परत येणार नाहीये, शरीफा. ऊनाला तिथल्या शाळेत घालीन. मी काम बघीन. तो हिवाळ्यापर्यंत सुट्टी वाढली म्हणून समजेल, मग कळेल त्याला."

"मग खुला करून घ्या ना. नीट. चार माणसांत."

"ते काय?"

शरीफाने आपल्या समजुतीप्रमाणे सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. शेवटी हसल्या, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"आमच्यात सुटका नाही. देशाच्या घटनेतच लिहिलंय. लग्न लागलं की लागलं. कोर्ट वेगळं राहायला देतं, ते सुद्धा त्याने मारलं किंवा बाहेर बाई ठेवली असं दाखवलं तर. यानं काय केलंय? घर विकलं. आपलं घर विकणं गुन्हा नाही."

"आणि ऊना?"

"ऊना त्याची. आधी बापाचा शब्द. तो म्हणाला दे, की मला द्यावी लागेल. म्हणून त्याने म्हणायच्या आत गेलं पाहिजे. एकदा मुलगी माझ्या बहिणीच्या घरात रुळली, तिथल्या शाळेत गेली, की मग करू दे कोर्ट. मग निदान भांडता तरी येईल." त्यांनी कोट शरीफाच्या हातातून घेऊन पेटीत तळाशी ठेवला. "इथे त्याला कळलं तर सगळं गेलं."

मॅडमना जायचं आहे आणि साहेबाला ते कळता कामा नये, हे शरीफाला कळलं नाही असं नाही. पण मधलं, ते घटनेचं, तिला पटत नव्हतं. सुटका नाही असं कसं होईल. माणसांनी बांधलेलं माणसांना सोडवता आलंच पाहिजे, नाहीतर बांधलं तरी कशाला. आणि बाईने आपल्याच पोरीला लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून चोरासारखं न्यायचं, मागे राहिलेल्यांनी पळाली म्हणायचं, हे काय चांगल्या घरातलं झालं? मॅडमनी कोणाला विचारलंच नसेल, असं तिला वाटलं. विचारणारं कोणी नसेल. बहीण लिव्हरपूलला, आई वारलेली. इथे तिच्या जवळची बाई कोण? कपडे कोण धुतं, पेटी कोण भरतं?

गुरुवारी यूनुस आला. अंगणात फखरुन्निसाभाभी कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचा नवरा एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, हिशेबाला होता आणि त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं असं भाभींना वाटायचं. शरीफाने नाव न घेता विचारलं, ख्रिश्चनांच्यात निकाह कोण लावतं?

"पाद्री," भाभी म्हणाल्या. "आणखी कोण? तोच त्यांचा काझी."

"मग सोडवतो कोण?"

"जो लावतो तो सोडवतो. ज्याने खुंटा ठोकला त्यालाच तो कुठे सैल आहे ते ठाऊक. का गो? तुझी मेम निघाली काय?"

"कोणी निघत नाही."

"निघू दे, निघू दे. तुला काय, तू एक सोडून दुसरा करून बसलीस, तुला सगळं सोपंच वाटणार."

यूनुस खोलीच्या दारात उभा राहून हात पुसत होता. भाभी आत गेल्यावर तो म्हणाला, "ते साहेबाचं घर आहे, शरीफा. गावची पडवी नव्हे."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणू नकोस. आपला इथे राहायचा इकामा त्यांच्या नोकरीवर आहे. उद्या नोकरी गेली की खलास."

शरीफाने त्याला कोलंबीचा भात वाढला. तो चांगला स्वयंपाकी होता आणि घरी आल्यावर दुसऱ्याच्या हातचं खाण्यात त्याला सुख वाटायचं. विषय तिथेच राहिला.

शनिवारी मॅडम ऊनाला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. शरीफाने इस्त्री संपवली, डोक्यावरून ओढणी नीट घेतली आणि चर्चच्या मागे पाद्री राहत होते तिथे गेली. तिची पहिली अडचण अशी झाली की पाद्र्यांना बायको नव्हती. म्हणजे मागची पडवीच नव्हती. एका माणसाने तिला पुढच्या खोलीत बसवलं आणि संत्र्याचं सरबत दिलं. पाद्री आले. वयस्कर, कानात केस असलेला माणूस. त्यांना हिंदुस्तानी बऱ्यापैकी येत होती.

शरीफाने आधी उन्हाळ्याची गोष्ट काढली. मग ऊना किती हुशार आहे ते सांगितलं. मग ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडमचं त्या घरात आता होत नाही."

पाद्री पुढे सरकले. त्यांनी हळूहळू, मायेने विचारलं. कधीपासून? साहेब मारतो का? नाही. मग काय झालं? घर. बरं. आणि मॅडम काय म्हणतात? शरीफा सगळ्याची उत्तरं देत गेली. गावातही काझींची बायको सगळं विचारायची. विचारल्याशिवाय काझींनी बोलवायचं कोणाला? बहिणीचं घर, तिथली शाळा, पेटीच्या तळाशी ठेवलेला कोट, सगळं सांगून झालं. आपण एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही याचं तिला समाधान होतं.

"तुम्ही आलात ते फार चांगलं केलंत," पाद्री म्हणाले आणि तिला दारापर्यंत सोडायला आले. शरीफाला वाटलं, आता ते दोघांना बोलावतील. चार माणसं बसतील. मॅडमना मान वर करून जाता येईल.

पाद्र्यांनी त्यांच्या दृष्टीने योग्य तेच केलं. त्यांच्या कायद्यात लग्न मोडायचं नसतं, सांधायचं असतं. ते त्याच संध्याकाळी साहेबांना भेटले आणि बायकोला जरा वेळ द्या, तिच्याशी बोला, ती खचली आहे, असं त्यांनी सांगितलं. कशाने खचली आहे तेही सांगावं लागलं.

साहेब बायकोशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो दुपारीच घरी आला, ऊनाचे केस स्वतः विंचरले आणि तिला गाडीतून फोटो काढायला घेऊन गेला. ऊनाचं नाव आईच्या पासपोर्टावर होतं, ते काढून त्याने आपल्या पासपोर्टावर चढवून घेतलं. त्याला बापाची सही पुरली. रात्री जेवताना त्याने सांगितलं की या वर्षी ऊनाला तो नेणार आहे, आयर्लंडात लिमरिकला, आपल्या आईकडे. तिथल्या नन्सच्या शाळेत तिला घालायचं. इथे तरी किती दिवस ठेवणार, मुलगी वाढते आहे.

"आणि मी?" मॅडमनी विचारलं.

"तू ये ना. आईला सोबत होईल. नाहीतर इथे राहा. तुला वाटेल तसं."

हे शरीफाला मॅडमनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात. शरीफा कांदा चिरत होती. मॅडम दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पाद्री मला म्हणाले, तुमच्या कामवालीचा तुमच्यावर फार जीव आहे."

शरीफाने सुरी ठेवली.

"तू का गेलीस?"

"मी तुमचं तोंड झाले, मॅडम."

"मी तुला जा म्हटलं होतं?"

"आमच्यात सांगत नाहीत. आपलं आपण जायचं असतं."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर शरीफाला बरं वाटलं असतं. एखाद्या दुकानात, नेहमीच्या फळीवर, भलतीच वस्तू ठेवलेली दिसावी तसं त्या बघत होत्या.

"तुझा काझी सोडवतो," त्या म्हणाल्या. "आमचे सोडवत नाहीत. मी सांगितलं होतं तुला."

"मला वाटलं, तुम्ही विचारलं नसेल."

"कांदा चिर," मॅडम म्हणाल्या.

शरीफाला त्या घरातून काढून टाकलं नाही. साहेबाला कारण दिसत नव्हतं, उलट त्याने त्या आठवड्यात तिला दोनदा थँक यू म्हटलं. तेच तिला बोचलं. शेवटी तिने एकदा हिंमत करून, साहेब बूट घालत असताना, विचारलं.

"साहेब, ऊना बेबी सात वर्षांची झाली. तिला विचारा ना, कोणाजवळ राहायचं ते."

साहेबाने नाडी बांधली. "लहान मुलांना असलं काही विचारू नये, शरीफा. ती गोंधळतात." तो हे अगदी नीट, समजावून बोलला. ऊना पलीकडच्या खोलीत मोठ्याने इंग्रजी गाणं म्हणत होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे शरीफाला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

पेटी पुन्हा भरायला काढली. आता लोकरीचे कपडे वरच ठेवायचे होते, लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. मॅडमचीही पेटी उघडी होती.

"तुम्ही पण जाता?"

"ऊना जाते," मॅडम म्हणाल्या. "तो काळा ड्रेस घाल त्यात. त्याच्या आईला रंगीत आवडत नाही."

"उन्हाळ्यापुरतं?"

"ऊनाचं लग्न होईपर्यंत."

शरीफाने काळा ड्रेस पातळ कागदात गुंडाळला. मॅडम आरशासमोर कानातले काढत होत्या. "तिथे मला नोकरी करता येणार नाही," त्या आरशात बघूनच म्हणाल्या. "दुसरं घर करता येणार नाही, दुसरा माणूस करता येणार नाही. सासूला रोज चर्चला न्यावं लागेल. पण मुलगी समोर असेल." मग वळून त्यांनी कानातले शरीफाच्या हातावर ठेवले. "तुझ्या मुनिराला. तिचं ठरतंय म्हणालीस ना." शरीफाला ते घेता येत नव्हते आणि परत करणंही जमेना. ते तिने ओढणीच्या टोकाला बांधले.

गाडी निघाली तेव्हा ऊना मागच्या काचेतून हात हलवत होती. मॅडम पुढे बघत होत्या.

शरीफाचं काम त्या बंगल्यात चालूच राहिलं. एका माणसाचा स्वयंपाक, एका माणसाचे शर्ट. साहेब वर्षातून एकदा लिमरिकला जाऊन यायचा, तिथलं क्षेमकुशल सांगायचा. ऊना शाळेत पहिली आली. आई आजारी होती, नोराने खूप केलं. एकदा त्याने फोटो दाखवला. दोन बायका, मध्ये मुलगी, मागे ओला दगडी उंबरा. मॅडमच्या अंगावर काळंच होतं. फखरुन्निसाभाभी अंगणात विचारायच्या, "काय गो, तुझी मेम निघणार होती ना?" आणि शरीफा म्हणायची, "निघाली की. सासरी."

चौसष्ट सालच्या एका सकाळी साहेब न्याहारीला वर्तमानपत्र वाचत होता. त्यातलं काही वाचून दाखवायची त्याला एकटेपणामुळे सवय लागली होती.

"आमच्याकडे कायदा बदलला," तो म्हणाला. "मुलाचा पालक आता एकटा बाप नाही. आई पण. दोघं सारखे."

शरीफाच्या हातात चहाची किटली होती. "मग मॅडम ऊना बेबीला घेऊन बहिणीकडे जाऊ शकतात?"

साहेबाने थोडा विचार केला. तो प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा माणूस होता. "कोर्टात मागू शकते. मिळेलच असं नाही. पण मागू शकते." त्याने टोस्टला लोणी लावलं. "ती मागणार नाही. माझी आई अंथरुणाला खिळली आहे. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, सगळं नोराच करते. आईचं तिच्यावाचून पान हलत नाही." त्याच्या आवाजात बायकोचं कौतुक होतं, आणि ते खरं होतं.

शरीफाने कप भरला. किटली खाली ठेवली.

"साहेब, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही."

"का? पगाराचं काही आहे का?"

"नाही."

"मग?"

दोन भाषांच्या मध्ये मॅडमशी चालायचं ते बोलणं या माणसाशी कधी सुरूच झालं नव्हतं. ती म्हणाली, "पुरुष माणूस एकटा राहतो त्या घरात आमच्यातल्या बाईने काम करू नये. तशी पद्धत नाही."

दोन वर्षं तो त्या घरात एकटाच राहत होता आणि ती रोज येत होती. हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. पण दुसऱ्यांच्या रीतीरिवाजात आपण पडू नये, असं मानणाऱ्यांपैकी तो होता.

"अर्थात," तो म्हणाला. "पद्धत असेल तर प्रश्नच नाही."

आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.